द्रुसिलाच्या कोबीची ओळ

द्रुसिला अलोच्या घरात कोबी कुणी खात नसे. तरी बाजाराच्या पाठीला असलेल्या आपल्या वावरात ती दरवर्षी कोबीची एक ओळ लावायची, राख घालायची, अळ्या बोटांनी वेचायची आणि गड्डे भरले की शेळीपुढे टाकायची. सियाया गावच्या त्या बाजारातल्या बायकांना यात काही वाटेनासं झालं होतं. कुणाच्या घरी वेडसर दीर असतो, द्रुसिलाकडे कोबी होता.

ओळ होती झाब्लोन ओगुटूसाठी.

ओगुटू तेव्हा सरकारी शेती अधिकारी होता आणि द्रुसिला नवी सून. आईने कापडाच्या गाठीत बांधून दिलेलं डेकचं बी तिने दारात पेरलं होतं. डेक म्हणजे कडू पालेभाजी. शिजवून रात्रभर दुधात मुरवली तर घशाखाली उतरते. ओगुटूने काठीने पाला हलवला. "हे तण आहे. माणसांनी कोबी खावा," म्हणाला, आणि फुलावर आलेली सगळी रोपं तिच्याच हातून उपटून घेतली. बी अजून धरलं नव्हतं. आई त्याच वर्षी गेली. पुढच्या पेरणीला द्रुसिला शेजारणींच्या दारोदार मूठभर बी मागत हिंडली. त्यांनी दिलं, पण आधी हसून घेतलं.

त्याच बियाण्यावर, बाजारात डेक विकून, तिने पुढे संसार केला. ओगुटू निवृत्त झाला, विधुर झाला. मग त्याचा थोरला भाऊ घशाच्या कॅन्सरने गेला आणि ओगुटूला पाणी गिळतानाही धास्ती वाटू लागली. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, कडू, गडद पाल्यात अशी काही द्रव्यं असतात, ती हा रोग कदाचित लांब ठेवतात. 'कदाचित' तिने दोनदा म्हटलं. पण माणूस सरकारी. घरी पोचेपर्यंत त्याचा हुकूम झाला होता.

बाजाराच्या दिवशी तो द्रुसिलापुढे येऊन उभा राहिला.

"डेक दे गं, ओकेचच्या आई."

"कोबी न्या, साहेब. डेक तण असतं."

"जुनं कशाला उकरतेस? हुकूम वरून यायचा."

"यायचा वरून. वाकले मात्र मी."

ओगुटू शेजारच्या मिल्काकडे वळला. "माझ्याकडची संपली हो," मिल्का म्हणाली आणि समोरच्या डेकच्या ढिगावर तिने पोतं ओढलं.

"मागे माझं वावर आहे," द्रुसिला म्हणाली. "कोबीची ओळ दिसेल. सगळी उपटा. मग देते."

ओगुटूने कोटाच्या बाह्या सारल्या. बायका दुकानं टाकून बांधावर गोळा झाल्या. म्हातारा गुडघे टेकून उपटत होता आणि मुळं सुटल्याचा प्रत्येक आवाज द्रुसिला डोळे मिटून ऐकत होती. याच आवाजासाठी तिने इतकी वर्षं अळ्या वेचल्या होत्या.

मध्येच आवाज थांबला. ओगुटू एक गड्डा हातात घेऊन अंगठ्याने दाबत होता.

"कुणी लावलाय हा? इतका घट्ट गड्डा मी सरकारी मळ्यातसुद्धा पाहिला नाही."

"घे बाई," मिल्का म्हणाली, "सर्टिफिकेट मिळालं!"

बायका हसल्या, पण ओगुटूला नाही, द्रुसिलाला. त्याने रडावं, गयावया करावी, हे सगळं द्रुसिलाने मनात घोकलं होतं. कौतुकाची तयारी नव्हती.

"एक नेऊ का?" त्याने विचारलं. "नर्सने कोबीचंही नाव घेतलं होतं. त्यातही ते असतं म्हणाली."

द्रुसिलाने गड्डा त्याच्या हातातून काढून शेळीपुढे टाकला. "हा माणसांनी खायचा नाही."

मग शब्दाला जागून तिने डेकची जुडी दिली. प्रत्येक गिऱ्हाइकाला मिळणारी वरची मूठ दिली नाही.

"करायची कशी?" ओगुटू म्हणाला. हयातीत तो चुलीकडे फिरकला नव्हता.

"उकडायची. खायची."

पुढच्या बाजाराला तो पुन्हा हजर. चेहरा आंबलेला, पण डोळ्यांत श्रद्धा. "फार कडू आहे गं. म्हणजे गुण असणार. आज दोन जुड्या दे."

द्रुसिलाने दोन बांधल्या. मागच्या वावरात रिकाम्या ओळीत कोबीची नवी रोपं लागली होती.

तो गेल्यावर मिल्का म्हणाली, "अगं, दुधाचं तरी सांग त्याला."

"सांगेन," द्रुसिला म्हणाली. "कदाचित."