इंजिनाच्या पूजेला निरांजन नाही

आमच्या घरी खंडेनवमीला इंजिनाची पूजा होते ती निरांजनाशिवाय. हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ, सगळं यथासांग. ओवाळायचं मात्र नुसत्या सुपारीनं. घरात आलेली प्रत्येक नवी सून विचारते, "काहून?" मी म्हणते, "बस, सांगते." पण धड बसायला एकीलाही वेळ नसतो. म्हणून लिहूनच टाकते.

माझं माहेर अकोल्याचं. वडील जिनिंग फॅक्टरीत इंजिनावर फिटर होते आणि त्यांचा डबा रोज मीच नेऊन द्यायची. कापसाच्या ढिगांजवळ कुणी विडी काढली तर वडील अंगावर धावून जायचे. पेट्रोलचा वास आणि सरकीचा वास मला डोळे मिटून ओळखता यायचा. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि मी अमरावतीजवळच्या मळ्यात आले. तिथे वांगी, फुलकोबी, झेंडू. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, त्या सुमाराची ही गोष्ट.

सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, विहिरीवर बसवायला इंजीन घेतलं होतं. चालू करायचं पेट्रोलवर आणि तापलं की घासलेटवर न्यायचं. त्यासाठी वर दोन टाक्या, एक लहान, एक मोठी. पावसाळाभर ते गोठ्यात ठेवलेलं असायचं, खाली पोती अंथरून, वर पोती पांघरून. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला कुटाराचा, म्हणजे गुरांच्या सुक्या भुशाचा, ढीग. इतका थाट तर माझ्या नवऱ्याचाही नव्हता!

माझ्या लग्नानंतरची ती पहिली खंडेनवमी. दसऱ्यामुळे झेंडूची नुसती धांदल. नवरा गाडी भरून बाजारात गेलेला. पाऊस लवकर थांबल्यानं फुलकोबीच्या रोपांना पाणी हवं होतं, म्हणून पूजा झाली की इंजीन बाहेर काढायचं ठरलं होतं. मामाजींनी आदल्या संध्याकाळीच लहान टाकीत पेट्रोल भरून ठेवलं होतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आरतीचं ताट लावत होत्या. मला त्यांनी हार घालायला पुढे पाठवलं. हार घालताना वाकले आणि तो वास आला. झेंडूच्या टोपल्या, शेण, कुटार, सगळ्यांच्या खालून नेमका तोच. खालच्या पोत्याला हात लावला तर ओलं गच्च. टाकीच्या बुडाशी, नळी जोडलेली असते तिथे, गंजून बारीकशी चीर पडली होती आणि थेंब थेंब रात्रभर गळला होता.

वळून बघते तर आत्याबाई पेटलेलं निरांजन घेऊन दारात उभ्या, मागे मामाजी. ओरडायला हवं होतं, पण चार महिन्यांत मी मामाजींसमोर मान वर करून बोलले नव्हते. आत्याबाईंनी पाऊल आत टाकलं. मी धावले आणि फू करून निरांजन विझवून टाकलं.

देवाचा दिवा, तोही सणाचा, तोही तोंडानं फुंकून!

"काय केलं व माय हे? दिवा इझवला? माह्या घरातला दिवा इझवला इनं!" मग मामाजींकडे वळून, "हे पोरगी मले नाई पाह्यजे. दसरा झाला का अकोल्याले पोचवून द्या इले."

"पेट्रोल," एवढंच कसंबसं मी म्हणाले. "गळून राहिलं. खाली पाहा."

मामाजी आत गेले. पोतं चाचपलं, बोटं हुंगली आणि पांढरेफटक पडले. त्यांनी टाकीखाली बादली लावली आणि ते पोतं काठीनं ओढत पार शेताच्या कडेला, धुऱ्यापर्यंत नेलं. लांबूनच पेटता बोळा फेकला. भक्कन असा जाळ उठला की बैलांनी दावी ताणली. आत्याबाई ते बघत उभ्या राहिल्या.

त्यांचं न बोलणं मला जाळापेक्षा भारी वाटलं. परत पाठवलेल्या पोरीला गावात काय म्हणतात, ते मला ठाऊक होतं. वडिलांना तोंड कसं दाखवू? रडू येत होतं, पण रागही येत होता, अगदी खरं सांगते. घर वाचवलं आणि वरून मीच अपशकुनी!

त्या रागातच मी धुण्याच्या साबणाची वडी घेऊन आले. इंजीन सगळ्यांनी ढकलत मोकळ्यावर आणलं होतं. मामाजी म्हणाले, "आता हे शहरात न्या लागते, झाळून आणा लागते. रोपं तर गेलीच."

"साबण भरा चिरीत," मी म्हणाले. "दाबून दाबून. पेट्रोलात साबण इरघळत नाई. वरून चिंधी गुंडाळा. आठ दिवस सहज निघतात. बाबा करतात आमचे."

मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला आजच लग्न करून आणलं होतं. मग मुकाट्यानं साबण भरला. टाकी पुसली, घटकाभर वारं लागू दिलं, पेट्रोल घातलं. थेंबही गळला नाही. हँडल मारलं, एकदा, दोनदा, आणि इंजीन फटफटायला लागलं. दुपारपर्यंत फुलकोबीला पाणी पोचलं. मी मात्र खोलीत जाऊन लुगडी गाठोड्यात बांधायला घेतली.

दसऱ्याला आपट्याची पानं देऊन मी आत्याबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "उद्या निघाचं अकोल्याले. मी येतो संगं."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बडनेऱ्याला गाडी बदलली आणि अकोल्याला उतरलो. माहेरच्या दारात वडील बनियनवर उभे होते. पोरगी, तिचं गाठोडं आणि संगं सासू बघून त्यांचा चेहराच उतरला. हात जोडून म्हणाले, "इहीनबाई, काय चुकलं माह्या पोरीचं?"

आत्याबाईंनी कमरेची पिशवी सोडली, आपट्याची पानं काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"इचं नाई, माहं चुकलं, इवाईबुवा. हिनं दिवा इझवला म्हणून माहं घर हाय, बैल हायेत, अन् मी हाये. हे सोनं तुमाले द्याले आली मी." मग डोळ्याला पदर लावून माझ्यावर डाफरल्या, "गाठोडं कायले आणलं व इतकं मोठं? उद्याच्या गाडीनं वापस जाचं हाय आपल्याले!"