बारक्या पिल्लाला धारोष्ण दूध

मंडळी, आज दिवसभर जीव टांगणीला लागला होता, म्हणून लिहायला बसलोय.

गडमुडशिंगीत आमच्या लेकीनं डुकरं पाळलीत. कालच पिल्लं आईपासून तोडली. त्यातलं सगळ्यात बारकं कोरड्या खाद्याला तोंडच लावेना. आमच्या हिला राहवलं नाही. सकाळी तिनं त्याला वाटीभर म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं. दुपारपर्यंत पिल्लाला हगवण लागली, ते मलूल होऊन पडलं.

लेक ओरडली, "आई, पावणं आलंय व्हय ते? एवढं जड दूध पचतंय का त्याला?"

डॉक्टर फोनवर म्हणाले, दूध बंद. चमच्यानं साखर-मिठाचं पाणी द्या, ऊब द्या, मग भिजवलेलं खाद्य थोडं थोडं.

ही पिल्लाला मांडीवर घेऊन बसली. डोळे भरलेले. मी शेजारी पहिलीतली चिमणीची कविता हळू आवाजात म्हणत राहिलो. आई मला शाळेत सोडून गेली, त्या दिवशी गुरुजींनी तीच म्हटली होती.

संध्याकाळी पिल्लानं ओल्या खाद्यात नाक खुपसलं.

ही म्हणाली, "आता गप बसा की. जेवतंय ते."

तुम्ही आईपासून पहिल्यांदा दूर गेलात, तेव्हा पहिला घास कुणी भरवला होता?