चव्वेचाळीस रोट आणि एक फोन

गेल्या श्रावणात जळगावच्या आमच्या घरात तीन माणसं आणि चव्वेचाळीस रोट होते.

ज्यांच्या घरी कानबाई बसत नाही, त्यांच्यासाठी सांगते. श्रावणातल्या रविवारी कानबाई मांडायची. कुळातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, दळायचे आणि त्याचे पुरण भरलेले जाडजूड रोट करायचे. सोमवारी कानबाई वाजतगाजत नदीवर जाते. रोट मात्र घरात राहतात. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजारी नाही, कामवाल्या मावशी नाही, पोटची लेकसुद्धा नाही (लग्न झालं की ती दुसऱ्या कुळाची!). आणि पौर्णिमेच्या आत शेवटचा तुकडा संपला पाहिजे. नाही संपला तर काय होतं, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. तशी वेळ कधी आलीच नव्हती. मी जवळजवळ आणली.

पूर्वी आमची आणि नानाभाऊंची कानबाई एकच होती. नानाभाऊ म्हणजे ह्यांचे धाकटे चुलतभाऊ, बायको शोभासोबत धुळ्याला असतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या घरी सगळं कूळ पंगतीला बसलेलं असताना ताटातली लाल भोपळ्याची भाजी चाखून मी सहज म्हणाले, "गंगाफळाच्या भाजीत मीठ कमी पडलंय." खरं होतं ते! नानाभाऊ म्हणाले, "भाजीत मीठ बरोबर आहे, वहिनी. काही लोकांच्या तोंडात जास्त आहे." मी ताटावरून उठले. पुढच्या वर्षी धुळ्याची कानबाई वेगळी आणि जळगावची वेगळी. तेव्हापासून बोलणं बंद.

तर गहू मोजायला बसले. आमच्या बाजूचे दहा पुरुष झाले आणि मी हात झटकले. सासूबाई (वय ब्याऐंशी, दात दोन, आवाज शाबूत) पाटावरूनच ओरडल्या, "नानाकडला तेरा जन कोन मोजी?"

"आई, त्यांचं आपलं बोलणं नाही."

"भांडन तुमनं शे, कानबाईनं नही. जित्ता मानूसनी मूठ कमी करतस का?"

जिवंत माणसाची मूठ कमी करायची माझी काय टाप! तेवीस जणांचे गहू घेतले. तरी माझा हिशोब सरळ होता. पुण्याचे दोन्ही मुलगे येणार, सुरतेचे दीर त्यांच्या मुलांना घेऊन येणार, दोन दिवसांत फडशा पडणार.

रविवारी सकाळी धाकट्याचा फोन. "आई, सोमवारी सुट्टी नाही गं. व्हिडिओ कॉलवर दर्शन घेतो." थोरल्याचंही तेच. सुरतेच्या दिरांची गाडी बंद पडली होती (दर सणाला पडते). सगळ्यांनी फोनवरून मनोभावे हात जोडले. धाकटा तर म्हणाला, "आई, रोट काय मस्त दिसतायत!" दर्शन फोनवरून घेता येतं हो, पण रोट कोण खाणार?

रविवारी आम्ही तिघांनी मिळून दहा संपवले. उत्साह होता. सोमवारी आठ. मंगळवारी मी दुधात कुस्करून, तुपात परतून, आमटीत बुडवून, तीन वेगवेगळ्या नावांनी तोच रोट वाढला. हे म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." तासाभराने परत आले ते शर्टावर तर्रीचा लाल डाग घेऊन!

"शेवभाजी खाऊन आलात?"

"थोडीशीच. चव बघायला."

"चाळीस वर्षं खाताय, अजून चव कळली नाही?"

मंगळवारी सहाच संपले. सासूबाई रोज पाव रोट दुधात भिजवून खायच्या आणि वर मलाच विचारायच्या, "सरनात का बठ्ठा?" (संपले का सगळे?)

पौर्णिमा गुरुवारी संध्याकाळी लागत होती. वीस रोट शिल्लक होते. मार्ग दोनच. एक, आम्ही दोघांनी दीड दिवसात पोट फुटेपर्यंत वीस जाड रोट खायचे. दोन, ज्या माणसाने माझ्या तोंडातलं मीठ काढलं होतं, त्याला फोन करून म्हणायचं, "या, जेवायला या."

मी झटपट निर्णय घेणारी बाई आहे. साडीच्या दुकानात मला पाच मिनिटं लागतात. इथे मंगळवारची अख्खी संध्याकाळ गेली. मी रोटांकडे बघितलं की फोन बरा वाटायचा. फोन हातात घेतला की रोट बरे वाटायचे!

"तुम्ही करा ना फोन. तुमचा भाऊ आहे," मी ह्यांना म्हटलं.

"मिठाचं आधी कुणी काढलं होतं?" हे म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

बुधवारी सकाळी पुन्हा रोट ताटात घेतला, तसाच परत डब्यात ठेवला आणि मी फोन लावला.

"नानाभाऊ, मी बोलतेय. जळगावहून."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "वहिनी?"

"हो. कानबाईचे रोट आहेत. भाऊबंदांनी खायचे असतात. तर तुम्ही आणि शोभा…" पुढचे शब्द मी गिळले. (रोटापेक्षा जड गेले.)

"तुम्हीच फोन कया ना? मंग येसूत आम्ही! आत्ता निघतस!"

माझ्या फोनचा इतका आनंद? मला भरून आलं. अकरा वर्षं आपण एका भल्या माणसाला उगाच वाळीत टाकलं, असं वाटलं. भाजीत मीठ नीट बघून टाकलं.

दुपारी गाडी दारात थांबली. आधी शोभा उतरली, मग नानाभाऊ आणि त्यांच्या दोन्ही हातांत मिळून एक भलामोठा स्टीलचा डबा.

"हे काय?"

"रोट," नानाभाऊ म्हणाले. "एकवीस आहेत."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या खाली टेकला.

"अक्का, रागावू नका," शोभा म्हणाली. "आमचीही पोरं कुणी आली नाहीत. आणि ह्यांनी तुमच्याकडचे दहाही मोजले. बोलणं नसलं म्हणून काय जिवंत माणसाची मूठ कमी करायची? आम्ही दोघं चार दिवस खातोय. तुम्हाला फोन करावा का, एवढंच ठरत नव्हतं."

"मग केला का नाही?"

"तुमचा आला ना!" नानाभाऊ मनापासून म्हणाले.

अर्धा दिवस धीर धरला असता, तर फोन त्यांचा आला असता! आता वीस अधिक एकवीस, एक्केचाळीस. मी सासूबाईंकडे आशेने बघितलं. बाहेरचा रोट घरात चालणार नाही, असं काही तरी त्या म्हणतील. त्या म्हणाल्या, "भाऊबंदना शे. बस खाले."

आम्ही बसलो. पहिला रोट सगळ्यांनी निमूट खाल्ला. दुसऱ्याला नानाभाऊ ह्यांना म्हणाले, "दमलास वाटतं. जळगावची हवाच पातळ."

हे म्हणाले, "वाढ गं अजून एक." मंगळवारी ज्यांना रोट बघवत नव्हता, त्यांनी चार खाल्ले! नानाभाऊंनी पाच मागितले. ह्यांनी पाचवा दुमडून तोंडात घातला. अकरा वर्षांचा राग दोघांनी पुरणात कालवला. रात्री पुन्हा तेच, सकाळच्या चहालाही तेच. मी आणि शोभा नुसत्या वाढत होतो. गुरुवारी दुपारी शेवटचा तुकडा दोघांनी मधोमध मोडून खाल्ला आणि जागच्या जागी आडवे झाले. डबा रिकामा! सासूबाईंनी कानबाईचं नाव घेऊन हात जोडले.

नानाभाऊ पडल्या पडल्या म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षापासून कानबाई परत एकच. दोन-दोनदा मोजायला नको."

"चालेल," मी म्हणाले आणि ताठ बसले. कारण खरा प्रश्न पुढे होता. कुठे? धुळ्याला म्हटलं असतं तर अकरा वर्षांनी माझी हार झाली असती. मी मोठी जाऊ. कुणाला बोलायची संधी न देता मी ठणकावून सांगितलं, "पण जळगावला! ह्यात बदल होणार नाही!"

वाद होईल म्हणून मी चार मुद्दे तयार ठेवले होते. एकाचीही गरज पडली नाही. नानाभाऊ तत्काळ म्हणाले, "बरं." शोभाने माझे दोन्ही हात घट्ट धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, माया आहे.

गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तेवीस जणांचं दळण, पुरण आणि रोट, सगळं आता दरवर्षी एकट्या माझ्या अंगावर. आणि तेही मी भांडून मिळवलेलं!