तंबूसाठी जागा पाहिजे

निवृत्त माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि ऑफिसातले किस्से. बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते असे सांगत बसावे लागतात. आमच्या तंबूचे किस्से मी इतकी वर्षं हसवण्यासाठी सांगत आलो. अलीकडे सांगताना लोक हसतात तिथे मी थांबतो, एवढाच फरक.

पिंपरीचा कारखाना तेव्हा नवा होता. आमचे हेडक्लार्क नगरकर यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात तंबूतल्या सुट्टीचे फोटो पाहिले आणि मिलिटरीच्या लिलावातून एक जुना तंबू आणला. शनिवारी अर्धा दिवस काम करून निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. जवळपास, सायकलने जाता येईल अशी जागा हवी. नगरकरांनी लगेच 'जागानिवड समिती' नेमली आणि तिची फाइल उघडली. तंबू कपाटावर आणि फाइल टेबलावर, असे दोघे दीड महिना एकमेकांकडे बघत राहिले.

समितीत नगरकर, मी, चऱ्होलीचा बबन आणि डिस्पॅचचा लीलाराम. लीलाराम सिंधमधून आलेला. फाळणीनंतर इथल्या निर्वासितांच्या छावणीत तो तीन वर्षं राहिला होता. त्याला समितीत घेताना नगरकर कौतुकाने म्हणाले, "यांना तंबूचा अनुभव दांडगा आहे!"

लीलारामने मान लववून आभार मानले.

*

पहिली जागा देहूची. इंद्रायणीचा काठ, सावली, पाण्यात मासे. नगरकरांनी तिथेच उभ्याने 'पसंत' असा शेरा लिहिला.

लीलारामने नदीतून तांब्याभर पाणी आणलं, जमिनीवर ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाणी हललं नाही. तिथेच साचलं.

"इथे नको," तो म्हणाला. "ओल वर येणार."

नगरकरांनी त्याला समजावलं की हा उन्हाळा आहे, पाऊस यायला दोन महिने आहेत आणि आपण एकच रात्र राहणार आहोत.

"एकच रात्र म्हणूनच सांगतात, साहेब," लीलाराम म्हणाला.

शेरा खोडावा लागला. नगरकरांना मुक्कामापेक्षा खाडाखोडीचं दुःख जास्त झालं.

*

दुसरी जागा चऱ्होलीला, बबनच्या चुलत्याच्या रानात. आंब्याचं झाड, विहीर, उंच जमीन. लीलारामने तांब्या ओतला, पाणी उताराने निघून गेलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग त्याने विचारलं, "डॉक्टर किती लांब?"

बबन म्हणाला, "आळंदीत हाय एक वैद्य. पर डाक्टर कशापायी? आमी काय मरायला येतोय व्हय हितं?"

आम्ही खूप हसलो. लीलारामही हसला, म्हणून आम्ही आणखी हसलो. जाता जाता नगरकरांनी फाइलीत नवा रकाना आखला, 'दवाखान्याचे अंतर'. ती फाइल पुढे ऑफिसभर फिरली आणि लोकांची चांगली करमणूक झाली.

*

चाकणला गेलो तेव्हा किल्ला पाहण्याआधीच माझी सायकल पंक्चर झाली. वेशीजवळ एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रीचं दुकान होतं. ट्यूब पाण्यात बुडवून तो बुडबुडे बघत होता. लीलारामची बोली ऐकून त्याने कुठले म्हणून विचारलं. लीलारामने गावाचं नाव सांगितलं.

मिस्त्रीने ट्यूब पाण्यातून वर काढली. मग म्हणाला, त्याचा धाकटा भाऊ इथून तिकडेच गेला. पत्रं येतात. बायकापोरांसह तंबूत होता, अजून घर मिळाल्याचं पत्र नाही.

नगरकरांनी घड्याळ काढून बघितलं. असल्या वेळी त्यांना घड्याळ आठवायचं.

लीलाराम मिस्त्रीजवळ खाली बसला. "त्याला लिहा," तो म्हणाला, "मेखा खोल ठोक म्हणावं."

मिस्त्रीने कोपराने डोळे पुसले, हात ओले होते म्हणून. किल्ला आम्ही त्या दिवशी पाहिलाच नाही.

*

परतीच्या वाटेवर आम्हा दोघांच्या सायकली मागे पडल्या, तेव्हा मी लीलारामला मेखांचं विचारलं. त्याने साध्या आवाजात सांगितलं, हरवलेल्या पार्सलाची हकिगत सांगावी तसं.

छावणीत आले त्या दिवशी अधिकारी म्हणाला होता, पंधरा दिवस काढा, मग घरं मिळतील. पंधरा दिवसांसाठी जमीन कशाला फोडायची म्हणून लीलारामने मेखा वरवरच ठोकल्या. महिन्याने वादळ आलं. तंबू उडाला. चार वर्षांची मुलगी रात्रभर पावसात भिजली आणि तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर खडकीला होता. मग तोच तंबू पुन्हा उभारला आणि त्यात तीन वर्षं काढली.

मुलीचं नाव त्याने सांगितलं नाही. मला विचारवलं नाही.

"आता खोली मिळाली, दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "पण बायको ट्रंक उघडत नाही. कपडे काढते, धुते, पुन्हा ट्रंकेत भरते. ट्रंक दाराशी ठेवते. कुणी उठवलं तर?"

म्हणून त्याने समितीत यायचं कबूल केलं होतं. तंबूत गेलेलं माणूस दुसऱ्या दिवशी घरी परत येतं, एवढं त्याला बायकोला एकदा दाखवायचं होतं. ती येईन म्हणाली होती, पण जागा तू बघ म्हणाली होती.

'दवाखान्याचे अंतर' हा रकाना दुसऱ्या दिवशी मी फाइलीतून कापून काढला. नगरकरांना वाटलं, उंदरांनी खाल्ला. मी वाटू दिलं.

*

शेवटी जागा लीलारामनेच पसंत केली. पवनेच्या काठचा, निर्वासितांच्या खोल्यांमागचा उंचवटा. चालत दहा मिनिटं.

नगरकर भडकले. "अहो, सहलीला आलो आणि समोर काय, तर कारखान्याची चिमणी! इथून ऑफिस दिसतं!"

"घर दिसतं," लीलाराम म्हणाला.

नगरकर वाद घालणार होते. मी आणि बबनने दोन बाजूंनी त्यांना नदी दाखवायला नेलं.

*

शनिवारी दुपारी तंबू उभारला. आम्ही दोऱ्या चुकीच्या भोकांत घालत होतो आणि लीलाराम मुकाट्याने काढून नीट घालत होता. मग तो मेखा ठोकायला लागला. एकेक मेख जमिनीत पुरती दिसेनाशी होईपर्यंत. बबन म्हणाला, "अरं भावा, इमारत बांधतो का काय?"

लीलारामची बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती. किडकिडीत, न बोलणारी बाई. डबा खाली ठेवून ती तिसऱ्या मेखेपाशी येऊन उभी राहिली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. लीलारामचा हातोडा थांबला.

"काय म्हणतात वहिनी?" बबनने विचारलं.

"म्हणते, इतकी खोल नको. उद्या जायचंय ना?"

त्याने हातोडा बाजूला ठेवला. मग आधीच्या तीन मेखा अर्ध्या उपसल्या आणि उरलेल्यांना दोन दोनच ठोके दिले. प्रत्येक ठोक्यानंतर तो तिच्याकडे बघत होता.

चारच्या सुमाराला ती आत सतरंजी घालत होती. आम्ही नदीवर हात धूत होतो. पलीकडच्या काठावरून वावटळ उठली, पाचोळा घेऊन आमच्या अंगावरून गेली आणि मागे कापडाचा फडफडाट झाला. वळून बघितलं तर तंबू जमिनीवर आडवा.

आमच्यातला कोणी हलला नाही. लीलाराम हातात हातोडा घेऊन पळाला आणि दोन पावलांवर थबकला. पुढे जाववेना.

कापडाचा एक फुगवटा हलला. मग कडेने हात बाहेर आला, मग डोकं, त्यावर पाचोळा. ती उभी राहिली. ओढणी झटकली. तंबूकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. आणि आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून मोडक्या मराठीत, सावकाश म्हणाली,

"पडला. चला, घरी जाऊ."

डबा उचलून ती निघाली. लीलारामने हातोडा गवतात ठेवला आणि तिच्यामागून चालू लागला. एकदाही त्याने मागे बघितलं नाही.

मेखा आम्ही काढल्या. दोन बोटांनी निघाल्या.