मुलुंडची फिकी हळद

"हळद कुठंय? मला तर नुसतं पीठ दिसतंय!" मुलुंडच्या सोसायटी हॉलमधल्या टीव्हीसमोर उभी राहून नवरीची आत्या ओरडली, आणि वाटी घेऊन परत नवरीकडे वळली. हळदीचा दुसरा हात सुरू.

चूक माझी होती. मागच्या पाहुण्यांना दिसावं म्हणून माझ्या डीएसएलआरची वायर त्या टीव्हीला लावलेली, आणि मी शूट करत होते फ्लॅट प्रोफाइलमध्ये. प्रोफाइल म्हणजे कॅमेऱ्याने रंग कसे टिपायचे त्याचं सेटिंग. फ्लॅटमध्ये चित्र मुद्दाम फिकं येतं, पण उजेडातले आणि सावलीतले बारकावे टिकतात. रंग नंतर एडिटला चढवायचे. हे मला माहीत. आत्याला कोण सांगणार?

नवरी प्राची हळूच म्हणाली, "ताई, काहीतरी कर ना यार. उद्या लग्नात पांढरी साडी आहे. मान पिवळी राहिली तर वाट लागेल माझी."

"आत्या, हळद झकास लागलीय," मी म्हटलं. "माझा कॅमेराच फिकं दाखवतोय."

"एवढा महागाचा कॅमेरा फिकं दाखवेल? काहीही सांगतेस!" तिसरा हात. मानेवर, कानामागे, कोपरापर्यंत.

घ्या! खरं बोलून काय मिळालं?

रेकॉर्डिंग चालू असताना माझ्या कॅमेऱ्यात प्रोफाइल बदलता येत नाही. क्लिप थांबवली, मेन्यूत शिरले, स्टँडर्ड निवडलं. आत्याची बोटं चौथ्यांदा वाटीत बुडणार, तेवढ्यात टीव्हीवर प्राची पिवळीधमक झाली. हॉलमध्ये टाळ्या.

"बघितलंस?" आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हळदच कमी होती. उगाच कॅमेऱ्याला नावं ठेवत होतीस."

"हो आत्या, चुकलंच माझं." मला हसू आवरेना. प्राचीने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट कॅमेऱ्याला डोळा लावला.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साडीवर तिची मान हापूससारखी दिसत होती. मला खरंच वाईट वाटलं. लग्न फ्लॅट प्रोफाइलमध्येच शूट केलं, टीव्हीला वायर न जोडता. मग एडिटला बसून मानेवरचा पिवळा तेवढा उतरवला. दोन दिवस गेले त्यात. प्राची व्हिडिओ बघून म्हणाली, "ताई, वाचवलंस गं!"

संध्याकाळी आत्याचा फोन. "व्हिडिओ छान आहे. पण लग्नात हळद पार उतरलेली दिसतेय. अजून एक हात हवाच होता."

तेव्हापासून टीव्हीला वायर जोडण्याआधी मी दोन गोष्टी तपासते. प्रोफाइल कोणतं आहे, आणि वाटी कोणाच्या हातात आहे.