मोरचूद न घातलेली खळ

मी दौंडला भिंतीवर संघटनेचं पोस्टर लावत होते, कोपरापर्यंत हात खळीने माखलेले, तेव्हा आप्पांच्या मुलीचा फोन आला. "आप्पा गेले गं." दीड महिना झाला, तरी खळीचा वास आला की तोच फोन ऐकू येतो...

शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे. आप्पा आधी छापखान्यात पुस्तकबांधणी करायचे. पुढे वीस वर्षं त्यांनी ही पुस्तकं फुकट सांभाळली. पिठाची खळ शिजवायची, तळेगावच्या बाजारातून आणलेलं निळं मोरचूद चिमूटभर घालायचं, मग सुटलेली पानं चिकटवायची. मोरचूद विषारी, किडे तोंड लावत नाहीत. मी गेले की म्हणायचे, "आल्या पुढारीणबाई! आदी हात धुवा, मंग पुस्तक."

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते पुण्याला गेले, तेव्हा मी त्यांच्यावर उपकार करायला निघाले. पोस्टरची खळ उरली होती. तिनेच एका दुपारी चाळीस पुस्तकं चिकटवली. मोरचूद आठवलंच नाही. भिंतीवरच्या कागदाला ते कोण घालतं? पावसाळा सरल्यावर कपाट उघडलं, तर कसरीनं आणि झुरळांनी खळीबरोबर अक्षरंही खाल्लेली.

विहाराची समिती बसली. "कुणी केलं हे?" मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "म्याच. दिसत न्हवतं नीट, मोरचूद ऱ्हायलं." सभा गाजवणारी मी... गप्प बसले. समितीनं तिथंच त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली. आभाराचा एक शब्द नाही!

बाहेर आल्यावर मी भांडले. "खोटं का बोललात?"

"तुजं नाव घेतलं असतं तर उद्यापास्नं एकाबी पोरीला कपाटाला हात लावू दिला नसता. धीर आला की तूच सांग खरं."

"उद्याच सांगते," म्हणाले. तो उद्या दोन वर्षं उजाडला नाही. आप्पा वाचनालयाच्या दारावरून मान खाली घालून जायचे, आणि मी गावोगाव न्यायाची पत्रकं वाटत होते.

तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे. समिती म्हणते, पुस्तकं सुरक्षित आहेत. खोटं! बंद कपाटात कसर सुरक्षित असते.

आप्पांसाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्या दिवशी त्यांच्या मुलीनं मला पत्र्याचा डबा दिला. आत त्यांचा ब्रश, मोरचुदाची पुडी. "तुलाच द्यायला सांगितलेलं."

तर आता छापून सांगते. ती चाळीस पुस्तकं माझ्यामुळे गेली, आप्पांमुळे नाही. समितीनं हवी ती शिक्षा द्यावी, पण उरलेल्या पुस्तकांसाठी किल्ली द्यावी. डबा घेऊन मी रोज संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसते. हात धुऊन.