तीनदा एकच आकडा

मी गॅस कंपनीत लाइनवर चालणारा माणूस. असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी समुद्रातल्या विहिरीवर वगैरे असतो. तसं काही नाही. माझी ड्युटी भिवंडीत, नारपोली ते मानकोली. खांद्यावर टोकदार लोखंडी सळई, हातात गॅसची गळती दाखवणारं मीटर, पिशवीत रजिस्टर. जमिनीखालून आमची पिवळी नळी गेलेली असते, तिच्यावर ठरावीक अंतराने सळईने भोक पाडायचं, मीटरचं तोंड आत सोडायचं, आकडा लिहायचा, पुढे जायचं. काम सोपं आहे. सोपं आहे म्हणूनच माझ्याकडून ते झालं, असं हल्ली वाटतं.

नारपोलीत एका गल्लीच्या टोकाला दोन भावांची घरं आहेत, मध्ये सामाईक भिंत. थोरला आता नाही, त्याची बायको तिथे राहते. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. भिंतीपलीकडे धाकट्या दिराचं सायझिंग. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात, त्याला सायझिंग म्हणतात. त्यासाठी वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर. पूर्वी तो लाकडावर चालायचा आणि खालांच्या दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. दिराने गॅस घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याच्या दारापुढे कायम टेम्पो लागलेले, खोदायला जागा नाही. खालाच म्हणाल्या, "माझ्या अंगणातून न्या की. धूर तर जाईल!" म्हणून आमची नळी त्यांच्या अंगणातून, भिंतीच्या कडेने, चिकूच्या झाडापासून पाच-सहा फुटांवरून गेली.

चिकू थोरल्या भावाने लावलेला. भिंतीत एक खिडकीएवढी जागा मोकळी ठेवलेली होती. तिच्यातून चिकू पलीकडे जायचे आणि पलीकडून ईदला शीरखुर्मा यायचा. मी दोन्ही बाजूंचं खाल्लेलं आहे.

पहिल्या फेरीत तिथे मीटर थोडं हललं. आमचे तीन वर्ग असतात. पहिला म्हणजे धोका, लगेच खोदा. दुसरा, लवकर दुरुस्त करा. तिसरा म्हणजे गळती बारीक, मोकळ्या मातीत, घरापासून लांब, लक्ष ठेवा. मी तिसरा वर्ग लिहिला आणि त्यात काही खोटं नव्हतं. खोटं पुढच्या फेरीला झालं. उन्हात चालून आलो होतो, खालांनी ओट्यावर चहा ठेवला, आणि मी सळई खाली न टेकवता मागच्या पानावरचा आकडा उतरवला. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच केलं.

आळस होताच, ते मान्य आहे. पण नुसता आळस नव्हता. भाग माझा, म्हणून गळत्या वाढल्या की वरून मलाच विचारायचे, "तुमच्याच भागात कशा हो एवढ्या?" ज्याच्या रजिस्टरात कमी, तो चांगला माणूस. मला चांगला माणूस राहायचं होतं.

तिसऱ्या फेरीला आकडा लिहून रजिस्टर मिटत होतो, तेवढ्यात खाला म्हणाल्या, "अरे भाऊ, या झाडाला काय झाला बघ ना. पाणी घालते, शेणखत घातला, तरी पान राहत न्हाय. तू जमिनीतलं जाणतोस."

मी बघितलं. भिंतीकडची अर्धी बाजू उघडी पडली होती. खाली नळीच्या रेषेवर गवत गोल पिवळं झालं होतं. ते गोल काय असतं हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. गॅस मातीतली हवा ढकलून देतो, मुळं गुदमरतात. वास मातीतच अडकून राहतो, त्यामुळे वर कोणाला कळत नाही. हे सगळं मला माहीत होतं. आणि मी म्हणालो, "पलीकडून गरम पाणी झिरपत असेल, खाला. सायझिंगचं."

एवढंच बोललो. चहा संपवला आणि निघालो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा भिंतीतली जागा विटांनी बुजवलेली. खालांनी दिराला गल्लीत, चार लोकांसमोर बोल लावले होते: भावाचं झाड होतं, तेही तुला बघवेना. त्याने शपथ घेतली की पाण्याला वेगळी मोरी आहे. खालांनी ऐकलं नाही. त्यांना कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं ना.

पुढची फेरी लागायला वर्ष होतं, तरी गल्लीतून जाता-येता वर्षभर मी त्या विटांसमोर बसून चहा प्यायलो.

मग कंपनीत वारं फिरलं. आता नुसता धोका बघायचा नाही, हवेत जाणारा सगळा गॅस मोजायचा, असा हुकूम आला. आम्हाला वर्गात बसवलं. शिकवायला एक तरुण इंजिनियर बाई होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "न जळलेला गॅस वर गेला की धुरापेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. तुमची बारीक गळती घराला धोका करत नसेल, आभाळाला करते. लाकूड बंद करून आपण गॅस दिला आणि तोच वाटेत सांडला, तर आपण केलं काय?" मग असंही म्हणाल्या, की ज्याला गळती सापडेल त्याला यापुढे कोणी बोलणार नाही, ज्याला एकही सापडणार नाही त्याला विचारू. मागच्या बाकावर कुजबुज झाली, "आता गळत्या पैदा कराव्या लागणार!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या वर्गाच्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासायच्या ठरल्या. बाई माझ्याबरोबर नारपोलीत आल्या. अंगणात मीटरचा आकडा चढत गेला. त्यांनी रजिस्टर उघडलं.

"काका, तीनदा एकच आकडा?"

"हो."

"भोक पाडलं होतं?"

"पहिल्यांदा."

"आणि नंतर?"

"चहा घेतला."

त्यांनी पान दुमडून ठेवलं, बस.

दुरुस्तीच्या दिवशी खड्डा खणला तर माती काळीनिळी निघाली. पूर्वी अशा वेळी आम्ही पूर्ण तुकडा हवेत रिकामा करायचो. सूं करून आवाज यायचा, खरं सांगतो, मला तो आवाज आवडायचा. बाई म्हणाल्या, "तसं नाही करायचं. गल्लीतला व्हॉल्व्ह बंद करा. नळीत उरलाय तो बॉयलरला पिऊ दे, आपोआप बंद पडेल. मगच नळी चिमटायची आणि कापायची."

म्हणून दिराला निरोप गेला. बॉयलर चालू करून तो पलीकडून चालत आमच्या खड्ड्यापाशी आला. त्या अंगणात वर्षभरात पहिल्यांदा. खाला ओट्यावर होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. बॉयलर धडधडत होता आणि तो थांबेपर्यंत कोणालाच काही काम नव्हतं.

दिराने खड्ड्यात वाकून विचारलं, "ये मिट्टी ऐसी क्यों है?"

मी म्हणालो, "गॅसमुळे. झाड गॅसने गेलं. तुमचं पाणी नव्हतं." मग ओट्याकडे बघून म्हणालो, "खाला, मला तेव्हाच कळलं होतं. गवत बघून कळलं होतं. गरम पाणी मीच म्हटलं."

खालांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली. "किती दिवस माहीत होता?"

"वर्ष झालं."

दीर हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "सुना भाभी? शिव्या मी खातोय, चहा हा पितोय!"

खाला माझ्याकडे बघत म्हणाल्या, "झाड जाऊ दे. झाड काय, मरतं. मी याला ईदला बोलावला न्हाय. याच्या पोरी माझ्या दारावरून गेल्या, मी बघितला न्हाय."

मी माफी मागितली की नाही, आता आठवत नाही. मागितली असेल. त्या आवाजात ती ऐकू गेली नसेल. मग धडधड मंद झाली, एकदा उचकी लागल्यासारखी वाटली आणि बॉयलर बंद पडला. आमच्या माणसांनी नळी दोन्हीकडून चिमटली. जोडावर केसाएवढी चीर होती.

जोड बदलून, तपासून झाला, खड्डा भरला. आमचा गडी काँक्रीट फोडायचं मशीन गाडीत टाकत होता, तेव्हा खाला उठल्या. भिंतीजवळ जाऊन विटांवर हात मारला. "ते मशीन इकडे आणा."

"मशीन कशाला, भाभी," दीर म्हणाला. "भिंत पडेल सगळी." त्याने माझ्या हातातली सळई घेतली आणि पहिली वीट स्वतः सैल केली. बाकीच्या मी काढल्या. मला कोणी थांबवलं नाही आणि काढ असंही कोणी म्हटलं नाही.

मला मेमो मिळाला. तो मिळायलाच हवा होता. लाइन मात्र माझ्याकडेच राहिली. बाईंनी तसं लिहून दिलं, असं मागाहून कळलं. का लिहिलं, ते मी विचारलेलं नाही.

चिकू वाचला नाही. बुंधा कापून त्यावर आता तुळतुळीत पाट ठेवलाय, खाला तिथे बसून तांदूळ निवडतात. मी दारात दिसलो की अजून चहाचं विचारतात. पण कप हातात धरून ठेवतात.

"आधी भोक," म्हणतात, "मग चहा."

मी सळई टेकवतो. त्या आकडा मोठ्याने वाचायला लावतात, आणि भिंतीतल्या मोकळ्या जागेतून पलीकडून कोणीतरी विचारतं, "भाभी, कितना बोला?"